पाच दिवसांची खेळपट्टी

माझे वडील खेळपट्टी करायचे. लोकांना वाटतं खेळपट्टी म्हणजे जमीनच, ती मैदानाच्या मधोमध पडलेलीच असते, तिला काय करायचंय? बाबांसमोर असं कुणी बोललं की बाबा त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे आणि पुढे बोलायचेच नाहीत. माती, पाणी, गवत आणि रोलर एवढ्यांशीच त्यांचं मोकळं बोलणं असे. घरात पाऊल टाकलं की त्यांची वाचा बसायची.

आमचं घर मैदानाच्या भिंतीला पाठ लावून होतं. कर्मचाऱ्यांच्या बिऱ्हाडांतलं शेवटचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर भिंत दिसायची आणि भिंतीपलीकडचं सगळं नुसतं ऐकू यायचं. आईने उभ्या जन्मात एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण कानांनी सगळे पाहिले होते. भाजी चिरता चिरता ती सांगायची, "चौकार गेला." मग जरा थांबून, "हा बाद. आपला नाही, त्यांचा." ती सहसा चुकायची नाही. जेवणाची घंटा, चहाची घंटा, खेळ संपल्यावर उठणारा गलका, यांवर तिचा दिवस बेतलेला असायचा. घड्याळ घरात होतं, पण ते माझ्यासाठी.

मग शेजारच्या देशाचा संघ आपल्याकडे येणार अशी बातमी आली. त्या देशाशी आपण खेळायचं कधीच सोडलं होतं. मधल्या काळात एक लढाई झाली होती आणि दुसरी होता होता राहिली होती. त्यामुळे जो तो हुरळून गेला. ज्यांना बॅट कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नव्हतं तेसुद्धा चौकात उभे राहून कसोटीचा निकाल लावत होते. इतिहास घडणार म्हणे. आईला इतिहासाचं काही नव्हतं. तिचं लक्ष आतल्या पानावरच्या एका चौकटीवर गेलं होतं. पलीकडच्या प्रेक्षकांना सामना बघायला यायची परवानगी मिळणार होती. याच शहरापुरती, आणि सामना संपेपर्यंत. सामना संपला की त्याच संध्याकाळी बसमध्ये बसून परत.

पलीकडे माझी मावशी होती. आईची थोरली बहीण.

तिची गोष्ट घरात कुणी सरळ सांगत नसे. सरहद्द म्हणजे नुसता एक आडवा बांबू होता, त्या काळात मावशीने पलीकडच्या एका मास्तरांशी लग्न ठरवलं. स्वतःचं स्वतः. आजी म्हणाली, "गेलीस तर मला मेलीस." मावशी गेली. आजी दारात आली नाही, हात हलवला नाही, पाठ फिरवून भांडी घासत बसली. पुढे बांबूच्या जागी तारा आल्या, तारांच्या मागे सैनिक आले, आणि मायलेकींचा अबोला सरकारी होऊन बसला.

आजी गेली तेव्हा मी तिथे होते. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी तिने आईचा हात धरला आणि मावशीच्या नावाने हाक मारली. "आलीस का गं?" आईने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि म्हणाली, "आले, आई." मावशीचा आवाज किंचित घोगरा होता म्हणे, आईनेही आवाज तसाच काढला. आजी म्हणाली, "आलीस ना, मग झालं. माझा राग नाही तुझ्यावर. तेव्हाही नव्हता. तोंडातून गेलं ते गेलं." त्यानंतर ती कुणाशीच काही बोलली नाही.

म्हणजे मावशीला मिळायची माफी आईच्या हातात पडली, आणि आई ती घेऊन बसली. टपाल तेव्हा जेमतेम चालू होतं, पण आई म्हणायची, असलं काही कागदावर लिहायचं नसतं. शिवाय तिला एक धास्तीही होती. ताईच्या नावाने आपण ओ दिली, हे ताईला रुचेल का? समोर बसून, तिचा हात हातात घेऊनच सांगायला हवं.

त्यात मावशीचा निरोप आला, की मुलगा क्रिकेटवेडा आहे, त्याच्याबरोबर मीही येतेय.

आईने जन्मात बाबांकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या संध्याकाळी बाबा पाय धुऊन आले तशी ती म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"विचार."

"हा सामना पूर्ण पाच दिवस चालेल, असं काही करता येतं का?"

बाबा हसले. "खेळपट्टी काय तुझ्या माहेरची सोय म्हणून करतात?"

"माहेर उरलंय कुठे," आई म्हणाली. "एक ताई आहे, तेवढीच."

बाबांनी टॉवेल घेऊन पाय पुसले. त्यांचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. संघटनेच्या सेक्रेटरींनी त्यांना आधीच बजावलं होतं, पाणी लवकर तोडा, गवत ठेवू नका, पट्टी कोरडी ठणठणीत झाली पाहिजे. आपले फिरकी गोलंदाज तिसऱ्या दिवशी चहापर्यंत सामना आटोपतील, सगळा देश बघतोय. बाबांच्या खेळपट्ट्या होत्याच तशा. त्यांच्या हातच्या पट्टीवर निकाल लागला नाही असं कधी झालंच नव्हतं, आणि त्यांना तोच एक अभिमान होता. सेक्रेटरी एका दुपारी स्वतः येऊन टाच आपटून बघून गेले. बाबा म्हणाले, "बघतो."

बाबांच्या "बघतो"चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता. अर्थ असा, की नाही.

त्यानंतर बाबा पाणी देत राहिले आणि रोलर फिरवत राहिले. एकदा आई खिडकीत उभी राहून तो रोलरचा घरघराट ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचारलं तर म्हणाली, "कांदा." हातात कांदा नव्हता.

पाहुण्यांना रोज सकाळी बसमधून आणून फाटकावर मोजून आत सोडायचे आणि संध्याकाळी मोजून परत न्यायचे. मधल्या वेळात कोण कुठे बसलंय हे बघायला पोलिसांना सवड नव्हती. रोलरच्या शेडमागे एक लहान फाटक होतं, ते आमच्या मागच्या दारासमोरच उघडायचं. त्याची किल्ली बाबांकडे असायची; सामन्याच्या सकाळी त्यांनी कुलूप काढून ती आमच्या खुंटीवर टांगली. पहिल्या दिवशी खेळ सुरू झाला तसं ते फाटक करकरलं आणि एक लठ्ठ, दम लागलेली बाई आत आली.

"किती वाळलीस गं बारके!" ती म्हणाली.

"आणि तू केवढी सुटलीस!" आई म्हणाली.

झालं. सगळी वर्षं तेवढ्यात उरकली. मग दोघी एकमेकींना धरून इतक्या रडल्या की मला गॅस बंद करावा लागला.

पहिले दोन दिवस आमच्या घरात मैदानापेक्षा जास्त आवाज होता. आपली आई, आपलं घर, आपला तो मागचा लंगडा कुत्रा, आपण दोघींनी मिळून फोडलेली बरणी. मावशी बोलायची आणि आई नुसती तिच्याकडे बघत बसायची. मी आईला हळूच म्हटलं, "सांग ना तिला." आई म्हणाली, "आत्ताच सांगितलं तर उरलेले सगळे दिवस रडण्यात घालवेल ती. शेवटच्या दिवशी सांगते. जाताना घेऊन जाईल." मला ते पटलं. आता वाटतं, मी तेव्हा हट्ट करायला हवा होता.

टीव्ही स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. पोलिसांनी विचारलंच तर मावशीला धावसंख्या सांगता यावी म्हणून. बाबा सामन्याच्या दिवसांत शेडमध्येच मुक्कामाला असायचे, जेवणाचा डबा मी नेऊन द्यायचे. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची फलंदाजी होती. बाबांच्या पट्टीवर चेंडू वळायचं नाव घेत नव्हता आणि त्यांचा एक पोरगेला फलंदाज आपल्या गोलंदाजांना धुऊन काढत होता. मावशी मटार सोलत होती. त्या पोराने शतक पुरं केलं, तशी तिने सोललेल्या शेंगेसकट टाळी वाजवली.

"आमच्या पोराने काय मारलं बघ!"

आईचा हात थांबला. "आमच्या?"

"मग! आमचाच की."

आपल्या भाषेत ही एक मोठी खोड आहे. "आपला" म्हटलं की समोरचा माणूस घरात येतो आणि "आमचा" म्हटलं की तो दाराबाहेर राहतो. दोन दिवस मावशी एकही "आमचं" बोलली नव्हती. ती बिचारी त्या क्षणी क्रिकेटचंच बोलत होती, तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं, हे मला दिसत होतं. पण आईच्या तोंडावर कुणी दार लावावं तसा तिचा चेहरा झाला.

"आणि मी कुठली?" तिने विचारलं.

"अगं, खेळाचं बोलतेय मी."

"हो ना. तुमचं असतंच काही तरी. आई गेली तेव्हाही तुमचं काही तरी चाललेलंच होतं."

"तुमचं" हा शब्द आईने असा काही उच्चारला, की मावशीने मटाराची परात बाजूला ठेवली. "सरहद्द मी बंद केली होती?"

"बंद नव्हती तेव्हा आलीस?"

"कुणासाठी येऊ? पाठ फिरवून बसली होती ती. तुला शेवटपर्यंत आई मिळाली. मला काय मिळालं? एक शिवी!"

आत्ता. मी मनात म्हटलं, आत्ता सांग. आईच्या ओठांवर आलंही होतं, मी पाहिलं. पण माणूस चिडलेला असला की जवळचं देणंसुद्धा त्याला दान वाटतं. आई म्हणाली, "तुझी लायकीच तेवढी होती."

मावशी उठली, पदर सावरला आणि लहान फाटकातून मैदानात निघून गेली. तिचा चष्मा टेबलावर राहिला होता, तो मी मागून पळत जाऊन दिला. तिने तो घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी ती आली नाही.

आई सकाळपासून घासलेली भांडी पुन्हा घासत होती. टीव्ही तिने कपड्याने झाकून टाकला होता. मी तिला म्हटलं, "जाऊन बोलावते." ती म्हणाली, "दार उघडंच आहे. यायचं असेल तर येईल." मी शेडमधून पाहुण्यांच्या स्टँडमध्ये गेले. मावशी मुलाशेजारी बसली होती, मांडीवर त्याचा झेंडा ठेवून, आणि मैदानाकडे बघतही नव्हती. मी म्हटलं, "चल ना मावशी." ती म्हणाली, "तिला हवं असेल तर ती येईल बोलवायला." दोघींना समोरासमोर उभं करून गदागदा हलवावं असं मला वाटलं. केवढाल्या बायका, आणि नाकावरचा राग खाली उतरवता येत नव्हता. दोघींमध्ये एक भिंत होती, तीही अशी की जिच्यातल्या फाटकाची किल्ली आमच्याच खुंटीवर.

आणि तिकडे मैदानावर बाबांची खेळपट्टी टिकून होती. तिला तडा जात नव्हता, धूळ उडत नव्हती. वर्तमानपत्रांनी तिला हमरस्ता म्हटलं. सेक्रेटरींनी सगळ्यांच्या देखत बाबांना नको नको ते सुनावलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा बाबा शेडच्या पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "काय, चाललंय ना दोघींचं? आज काय हसणं ऐकू आलं नाही."

आईने मला बजावलं होतं, त्यांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही, त्यांनी आपल्यासाठी नोकरी पणाला लावलीय. मी म्हटलं, "हळू बोलतायत."

"बोलू दे, बोलू दे," बाबा म्हणाले आणि डबा उघडला.

पाचव्या दिवशी सकाळी आई मऊ पडली होती. रात्रभर तिला झोप नव्हती हे डोळ्यांवरून कळत होतं. जेवण झाल्यावर तिने कपडे बदलले, केस विंचरले आणि पलंगावर बसून राहिली. "चहाला खेळ थांबला की जाते," ती म्हणाली. "खेळ चालू असताना सगळ्यांच्या मधून कुठे जाऊ? चहानंतर अजून केवढा तरी वेळ असतो. कोपऱ्यात बसू कुठे तरी."

चहाची घंटा झाली. मी उठले. आई म्हणाली, "थांब. तिला चहा तरी पिऊ दे शांतपणे. चहा नाही झाला की डोकं धरतं तिचं."

आम्ही थांबलो. टीव्ही अजून झाकलेलाच होता, आई भिंतीकडे कान लावून होती. पलीकडे शांतता होती. चहानंतर पहिला चेंडू पडला की एक आवाज उठतो, तो उठला नाही. "अजून सुरू नाही झालं वाटतं," आई म्हणाली. आणखी जरा वेळ गेला. तरी काही नाही. "आज लांबवला चहा त्यांनी. बरंच झालं."

दुसऱ्या कुठल्याही घरात कुणी तरी म्हणालं असतं, की बाई गं, निकाल लागणार नाही हे पक्कं झालं की दोन्ही कर्णधार हात मिळवून मोकळे होतात, संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. शेडमधले बाबा सोडले तर आमच्या घरात हे कुणाला माहीतच नव्हतं. बाबांच्या पट्टीवर असा सामना कधी झाला नव्हता. विजय झाला तर गलका उठतो, हरलो तर शिव्या उठतात. अनिर्णित सामना संपतो तेव्हा कसा आवाज येतो, हे आईच्या कानांना ठाऊक नव्हतं. तो आवाजच येत नाही.

आम्ही लहान फाटकातून आत गेलो तेव्हा स्टँड रिकामा होत होता. आईने एका पोलिसाला विचारलं, "खेळ कधी सुरू होणार?"

"संपला की बाई. चहाला हात मिळवले त्यांनी."

"आणि पाहुणे?"

त्याने पुढच्या मोठ्या फाटकाकडे बोट दाखवलं.

आई धावली. माझी आई धावू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. खुर्च्यांच्या ओळींमधून, कागदाच्या कपांवरून, चप्पल हातात घेऊन धावली. फाटकाबाहेर बसची रांग सुरू झाली होती, हॉर्न, झेंडे, दोन्ही बाजूंच्या घोषणा. तिसऱ्या की चौथ्या बसच्या काचेमागे मावशी होती. काच वर सरकत नव्हती, तिचा मुलगा झटत होता. मावशीने आम्हाला पाहिलं आणि दोन्ही हात काचेवर टेकवले.

आई बसच्या बरोबरीने चालत ओरडली, "ताई, आईचा राग नव्हता गं तुझ्यावर! तुझ्याच नावाने... मी ओ दिली, ताई! राग नव्हता तिचा!"

मावशीने कानामागे हात धरला. आईने पुन्हा तेच ओरडून सांगितलं. शेजारून एक घोषणा अशी उठली की मला, तिच्या खांद्याला खांदा लावून चालणारीला, तिचे शब्द ऐकू आले नाहीत. मावशीने मान हलवली. ऐकू न आलेला माणूस समोरच्याचं मन राखायला हलवतो, तशी. मग बसने वेग घेतला.

पुढच्या हिवाळ्यात सरहद्दीवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. आपला संघ तिकडे जायचा होता तो दौरा रद्द झाला, फोन बंद झाले, आणि आईला पत्रात का होईना पण लिहावं असं वाटू लागलं तेव्हा टपालही बंद झालं. मावशी गेल्याचं आम्हाला कुणा तिसऱ्याकडून, फार उशिरा कळलं. मला आजही त्या मटाराच्या परातीचा राग येतो, त्या पोराच्या शतकाचा येतो, पण सगळ्यांत जास्त आईचा येतो. आणि तो आला की लगेच मला स्वतःचीच लाज वाटते, कारण बस गेली त्या संध्याकाळी तिने जे केलं ते मी पाहिलं आहे.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले. आंघोळ केली, बसले. म्हणाले, "मला शाळेच्या मैदानावर पाठवतायत. जाऊ दे. माती तिथेही आहेच." आवाज नेहमीचाच होता. मोठं मैदान त्यांच्या हातून गेलं होतं.

आईने त्यांच्यापुढे चहा सरकवला. ती पाठमोरीच उभी राहिली.

"पाच दिवस दिले की नाही तुला?" बाबांनी विचारलं.

"दिलेत."

"पुरले?"

"पुरले."

"आईंचं सांगितलंस तिला?"

"सांगितलं," आई म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"मग? काय म्हणाली?"

मी आईकडे पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं, वळली आणि बाबांच्या समोर येऊन बसली.

"म्हणाली, बरं केलंस."

बाबांनी मोठा श्वास सोडला. इतका वेळ ताठ धरलेली पाठ त्यांनी भिंतीला टेकवली. लग्नानंतर आईने त्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं, असं ती नंतर कधी तरी म्हणाली होती. आपल्या हातची सगळ्यांत वाईट खेळपट्टी कारणी लागली होती.

"आणखी काय काय बोललात?" त्यांनी विचारलं. न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना सगळं हवं होतं. "सांग की. मला तिकडे शेडमध्ये काय कळणार?"

"सगळं सांगू?"

"सगळं."

आईने पाय दुमडून घेतले, हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. "चौथ्या दिवशी ना, ताई जरा लवकरच आली."